लाकडी दाते आणि धातूचे ग्रह

प्लायवुडच्या पातळ फळीतून लेझरने कापलेली आणि स्टेपर मोटरला जोडलेली ग्रहीय गिअरपेटी आज अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत आणि हौशी यंत्रकारांच्या टेबलांवर दिसू लागली असली, तरी तिच्यात एकत्र आलेल्या दोन परंपरा फार जुन्या आहेत आणि शतकानुशतके त्या एकमेकींपासून दूरच राहिल्या. पहिली परंपरा लाकडी दात्यांची. ती विहिरी, गुऱ्हाळे आणि पिठाच्या गिरण्या यांच्याभोवती वाढली, तिचे कारागीर सुतार होते आणि तिची चाके मोठी, सावकाश फिरणारी व ओबडधोबड होती. दुसरी परंपरा ग्रहीय रचनेची, म्हणजे मधल्या एका दातेरी चाकाभोवती दुसरे चाक स्वतःच्या आसासह फिरत राहील अशा मांडणीची. ती खगोलयंत्रे, वाफेची इंजिने आणि मोटारगाड्या यांच्याबरोबर वाढली आणि प्रारंभापासून धातूचीच राहिली. या दोहोंची गाठ उशिरा का पडली, याचे उत्तर दात्याच्या इतिहासात, म्हणजे दाता कोण घडवतो आणि तो घडवण्याचा खर्च किती, या प्रश्नात शोधावे लागते.

ग्रहीय गिअरच्या पूर्ण रूपात चार भाग असतात. मध्यभागी सूर्यचक्र, त्याला भिडलेली सहसा तीन ग्रहचक्रे, त्या सर्वांना बाहेरून वेढणारे व आतल्या बाजूस दाते असलेले कडे, आणि ग्रहचक्रांचे आस ज्यावर बसवलेले असतात तो वाहक. कडे स्थिर ठेवून सूर्यचक्र फिरवले, तर ग्रहचक्रे कड्याच्या आतून गडगडत जातात आणि वाहक सूर्याच्याच दिशेने, पण बराच सावकाश फिरतो. गती जितक्या पटीने कमी होते, घर्षणातील तूट सोडल्यास तितक्याच पटीने पीळ वाढतो. येणारा आणि जाणारा आस एकाच रेषेत राहतो व भार तीन ग्रहांवर वाटला जातो, हे या रचनेचे दोन मोठे गुण. त्यांची किंमत कड्याच्या रूपाने द्यावी लागते, कारण बाहेरच्या बाजूला दाते कोरण्यापेक्षा वर्तुळाच्या आत अचूक दाते कोरणे नेहमीच अवघड गेले आहे.

लाकडी परंपरेचा आरंभ भारतीय वाचकाला सहज ओळखू येईल अशा ठिकाणी, विहिरीच्या काठावर पाहता येतो. बैलाने किंवा रेड्याने फिरवायच्या रहाटात आडव्या चाकाच्या खुंट्या उभ्या चाकाच्या खुंट्यांत अडकतात आणि जनावराची गोल फेरी गाडग्यांच्या माळेच्या उभ्या फेरीत बदलते. पंजाबात आणि उत्तरेच्या मैदानात अशा रहाटांचा मोठा प्रसार होता. महाराष्ट्रात देशावर मोटेचे राज्य राहिले आणि रहाट मुख्यतः कोकणातील नारळी-पोफळीच्या बागायतीत टिकला. त्यातील खुंटी हा दाता खराच, पण त्याला निश्चित आकार नसतो. एक खुंटी सुटते आणि दुसरी अडकते त्या क्षणी चाकाला हिसका बसतो, वेग क्षणाक्षणाला कमीजास्त होतो. परंतु पाणी काढण्याच्या कामात त्याने काहीच बिघडत नसल्यामुळे सुधारणेची गरजही कोणाला भासली नाही.

याहून पुढची पायरी दख्खनच्या गुऱ्हाळात होती. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये उसाच्या लाकडी चरकाचे वर्णन आढळते: बाभळीच्या लाकडाचे दोन उभे भरीव गोल ओंडके, त्यांना नाव नवरा-नवरी, आणि त्यांच्या वरच्या भागात एकमेकांत शिरणारे तिरकस दाते. बैलांनी एक ओंडका फिरवला की दुसरा आपोआप उलट फिरे आणि ऊस दोहोंच्या मध्ये पिळला जाई. येथे दाता खुंटीसारखा ठोकलेला नाही, तर ओंडक्यातच कोरलेला आहे आणि तिरकस असल्यामुळे एक जोडी सुटण्याआधी दुसरी भिडलेली असते. आधुनिक कारखान्यात ज्याला हेलिकल गिअर म्हणतात त्याच्याशी या कल्पनेचे जवळचे नाते आहे. बाभळीची निवडही विचारपूर्वक होती, कारण ते लाकूड कठीण, चिवट आणि गावातच मिळणारे. बिहारमधील बिहिया येथे थॉमसन आणि मिल्न यांनी १८७० च्या दशकात तयार केलेल्या लोखंडी चरकाने व त्याच्या नंतर आलेल्या इतर लोखंडी चरकांनी या जोडप्याला हळूहळू निवृत्त केले. कोरलेल्या लाकडी दात्याची एक देशी परंपरा त्याबरोबर संपली, आणि यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिच्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

लाकडाचा खरा अडसर म्हणजे त्याचे रेषे. लाकूड रेषांच्या दिशेने बळकट आणि आडवे कमकुवत असते. त्यामुळे एका अखंड फळीतून चाक कापले, तर काही दात्यांत रेषे दात्याच्या लांबीबरोबर धावतात व ते टिकतात, आणि चाकाच्या पाव फेरीवरच्या दात्यांत तेच रेषे आडवे पडून दाता बुडाशीच तुटतो. युरोपातील गिरण्यांच्या सुतारांनी यावर काढलेला उपाय असा की चाकाची धाव वेगळी करायची, प्रत्येक दाता स्वतंत्र ठोकळ्यातून रेषे त्रिज्येच्या दिशेने राहतील असा घडवायचा आणि धावेतील खाचेत पाचरीने बसवायचा. दात्यांसाठी हॉर्नबीम किंवा सफरचंदाचे लाकूड पसंत केले जाई. लिंकनशायरमधील सुतारपुत्र जॉन हॅरिसन, ज्याचे नाव पुढे समुद्रावर रेखांश शोधण्याच्या घड्याळांमुळे अजरामर झाले, त्याने १७१३ ते १७१७ या काळात केलेल्या पहिल्या घड्याळांत ओकच्या चाकांना असेच रेषे जुळवलेले दात्यांचे तुकडे बसवले. १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्क येथे त्याने उभारलेल्या घड्याळात आस फिरण्याच्या जागी लिग्नम व्हिटी हे स्वतःच तेलकट असणारे लाकूड वापरले, त्यामुळे त्याला बाहेरून तेल द्यावे लागत नाही, आणि ते घड्याळ अद्याप चालते. अमेरिकेत कनेक्टिकटमधील एली टेरी याने १८०६ मध्ये चार हजार लाकडी घड्याळयंत्रे करून देण्याचा करार केला आणि पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रांनी चेरीच्या लाकडाची चाके कापून तो जवळपास तीन वर्षांत पुरा केला. एकसारखे लाकडी दाते मोठ्या संख्येने कापणे शक्य आहे, हे त्याने दाखवून दिले. पुढे स्वस्त पितळी पत्र्याची घड्याळे आल्यावर, १८४० च्या आसपास, तो धंदा ओसरला.

गिरण्यांत लाकूड त्यानंतरही टिकून राहिले, पण ते लोखंडाच्या साथीने. ओतीव लोखंडाच्या मोठ्या चाकाला खाचा ठेवून त्यात लाकडी दाते बसवायचे आणि त्याच्याशी भिडणारे लहान चाक संपूर्ण लोखंडी ठेवायचे, ही पद्धत एकोणिसाव्या शतकभर चालली. असे चाक कमी आवाज करते, आणि यंत्र अडकले तर मोठे चाक वा आस न मोडता एखादा लाकडी दाता तुटतो, जो गावातला सुतार बदलू शकतो. याच कारागिरांनी आणखी एक नियम पाळला. भिडणाऱ्या दोन चाकांच्या दात्यांच्या संख्यांना सामाईक विभाजक ठेवायचा नाही, म्हणजे प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याशी पाळीपाळीने भिडतो आणि झीज सर्वत्र सारखी होते. एखादा जास्तीचा दाता घालून हे साधले जाई. लाकडी परंपरेने मागे ठेवलेले हे सर्वांत मोलाचे ज्ञान होय, आणि ते ग्रहीय रचनेशी कसे झगडते हे पुढे दिसेल.

ग्रहीय परंपरेचा सर्वांत जुना पुरावा समुद्रतळातून आला. ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर आलेल्या काशाच्या गंजलेल्या तुकड्यांत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील एक खगोलयंत्र निघाले. त्यातील तीस चाके शिल्लक आहेत आणि त्यांपैकी एका चाकाला २२३ दाते आहेत. चंद्राची गती आकाशात कधी जलद तर कधी मंद का भासते हे दाखवण्यासाठी त्यात एका चाकावरची खुंटी दुसऱ्या चाकाच्या खाचेत सरकते, आणि ही जोडी फिरणाऱ्या मोठ्या चाकावरच बसवलेली आहे, म्हणजे ती स्वतःही वाहून नेली जाते. ही चाके काशाच्या पातळ पत्र्यातून त्रिकोणी दाते कापून केलेली आहेत. पातळ सपाट पत्र्यातून आकृती कापून तिचे थर रचायचे ही पद्धत आजच्या लेझर-कापीव गिअरशी तंतोतंत जुळते. मात्र त्यात आतील दात्यांचे कडे नव्हते आणि भारही नगण्य होता.

भार आला तो वाफेबरोबर. बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्ड याने १७८० मध्ये क्रँकच्या वापराचे पेटंट घेतल्यामुळे जेम्स वॉटला आपल्या इंजिनाची वरखाली होणारी गती गोल गतीत बदलण्यासाठी दुसरा मार्ग शोधावा लागला, आणि १७८१ च्या पेटंटात त्याने जो मार्ग नोंदवला त्याला सूर्य-ग्रह रचना हे नाव पडले. ती कल्पना त्याचा सहकारी विल्यम मर्डॉक याची असल्याचे मानले जाते. त्यात ग्रहचक्र जोडदांड्याला पक्के बसवलेले असते, स्वतःभोवती फिरत नाही, केवळ सूर्याभोवती फेरी घालते. दोन्ही चाकांचे दाते सारखे असतील तर इंजिनाच्या एका फेरीत सूर्यचक्राच्या दोन फेऱ्या होतात. लंडनमधील व्हिटब्रेड मद्यनिर्मितीगृहासाठी १७८५ मध्ये बसवलेले अशा रचनेचे इंजिन आज सिडनीच्या पॉवरहाऊस संग्रहालयात आहे. पेटंटची कोंडी फोडण्यासाठी केलेली ही सोय होती. क्रँक मोकळा झाल्यावर वॉटच्या कारखान्यानेही तिचा हळूहळू त्याग केला. येथेही कडे नाही. मॅथ्यू मरे याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केलेल्या एका इंजिनात ते आहे, आणि बर्मिंगहॅममध्ये जतन केलेल्या नमुन्यात मोठ्या ओतीव कड्याच्या आत लहान चाक फिरताना पाहता येते. परंतु साच्यातून ओतलेल्या दात्यांना अचूकपणा बेताचाच असे.

दात्याच्या आकाराचे गणित या काळात पूर्ण होत आले होते. वर्तुळाला गुंडाळलेला दोरा ताणून उलगडत नेला असता त्याच्या टोकाने जी वक्ररेषा उमटते, तिला इन्व्होल्यूट म्हणतात. दात्याच्या बाजूंना हा आकार दिला, तर दोन चाकांच्या गतीचे प्रमाण सतत तेच राहते आणि त्यांच्या केंद्रांतील अंतर किंचित वाढले तरी त्या प्रमाणात बिघाड होत नाही. लाकडासारख्या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या पदार्थाला दुसरा गुण अत्यंत उपकारक आहे. अठराव्या शतकात ऑयलर याने ही गोष्ट गणिताने मांडली आणि केंब्रिजच्या रॉबर्ट विलिस याने १८४१ च्या ग्रंथात ती कारागिरांना वापरता येईल अशा रूपात आणली. तरीही वक्र कागदावर काढणे वेगळे आणि शंभर दात्यांवर उतरवणे वेगळे. ही दरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हरमाँटच्या फेलोज कंपनीसारख्यांच्या यंत्रांनी भरून काढली. तिच्या गिअर शेपर यंत्रात कापणारे हत्यार स्वतःच दातेरी चाकाच्या आकाराचे असते, आणि ते वरखाली होत होत धातूत दाते उमटवत जाते, कड्याच्या आतल्या बाजूसही. त्या सुमारास नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर तीन-वेगी सायकल-हबमध्ये लहानसे ग्रह आणि पूर्ण कडे आले. उलटपक्षी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने बनलेल्या फोर्डच्या टी मॉडेल मोटारीतील ग्रहीय गिअरपेटीत कड्याला फाटाच दिलेला होता. तीन जोडग्रह आणि मध्ये एकामागोमाग बसवलेली वेगवेगळ्या मापांची सूर्यचक्रे यांवर तिचे काम भागे. स्वस्ताईच्या बाबतीत फोर्ड कधीच भावनावश होत नसे, यावरून आतील दात्यांची किंमत काय असावी याचा अंदाज येतो.

ही किंमत जवळजवळ शून्यावर आणणाऱ्या साधनाचा धागा महाराष्ट्रातून जातो. बारामतीत १९३८ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेले चंद्रकुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर सिद्ध केला. त्याचा अवरक्त किरण १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा असतो आणि लाकूड तो जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते. किरण भिंगाने एका बारीक बिंदूवर आणला की त्या जागचे लाकूड न वितळता वायू व कोळसा होऊन निघून जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभीच पुठ्ठ्याची खोकी कापण्याच्या साच्यांसाठी लागणाऱ्या प्लायवुडच्या फळ्या लेझरने कापल्या जाऊ लागल्या होत्या. लेझरला आत आणि बाहेर यांत फरक नाही. कड्याचे दाते आणि ग्रहाचे दाते त्याला सारख्याच रेषा वाटतात. प्लायवुडने दुसरा प्रश्न सोडवला, कारण त्यात एकाआड एक थरांचे रेषे काटकोनात असल्यामुळे कोणत्याही दिशेच्या दात्याला काही थरांचा तरी आधार मिळतो. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये सुरू झालेली फॅब लॅब ही एमआयटीबाहेरची पहिली मानली जाते, आणि लेझर कटर हे अशा प्रयोगशाळांचे नेहमीचे साधन आहे.

तिसरा घटक स्टेपर मोटरचा, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरचा. तिचा आज प्रचलित असलेला हायब्रिड प्रकार जनरल इलेक्ट्रिकच्या फायरटॅग आणि डोनाहू यांच्या १९५२ च्या पेटंटातून आला, आणि त्यांचा मूळ हेतू सावकाश फिरणारी सिंक्रोनस मोटर मिळवणे हा होता. तिच्या फिरत्या भागाला पन्नास दाते असतात, ते कोठेच कोणाला भिडत नाहीत, केवळ चुंबकाने ओढले जातात. एका दात्याच्या अंतरात चार पावले, म्हणजे एका फेरीत २०० पावले आणि प्रत्येक पाऊल १.८ अंशाचे. वेग वाढला की तिचा पीळ झपाट्याने घटतो, म्हणून जड वस्तू सावकाश आणि मोजून हलवायची असेल तेथे तिला गिअरपेटी लागते.

येथे गिरणीच्या सुताराचा नियम आणि मोटरची गरज यांची टक्कर होते. सूर्याला १२, ग्रहाला १८ आणि कड्याला ४८ दाते दिले, तर कड्याचे दाते भागिले सूर्याचे दाते अधिक एक या सूत्राने गती बरोबर पाचपट कमी होते. कड्याची व सूर्याची बेरीज ६० असून तिला तीनने भाग जातो, म्हणून तीन ग्रह सारख्या अंतरावर बसतात. आणि वाहकाच्या एका फेरीला नेमकी १००० पावले लागतात, प्रत्येकी ०.३६ अंशाची. परंतु १२ आणि १८ यांत ६ हा सामाईक विभाजक आहे, त्यामुळे ठरावीक दाते पुन्हा पुन्हा ठरावीक दात्यांशीच भिडतात आणि एका दात्यावरचा दोष समोर खोदला जातो. त्याऐवजी १३, १७ आणि ४७ घेतले तर बेरीज पुन्हा ६० येते, ग्रह नीट बसतात, कोणत्याही भिडणाऱ्या जोडीला सामाईक विभाजक उरत नाही आणि सुतार समाधानी होतो. पण गुणोत्तर ६० भागिले १३ असे तुटक येते आणि एका फेरीची पावले पूर्णांकात राहत नाहीत. दोन्ही साधणे कठीण आहे. संगणकीय नियंत्रण अपूर्णांक सहज सांभाळत असल्याने दीर्घकाळ चालायच्या पेटीसाठी दुसरी निवड अधिक शहाणपणाची ठरते, तर प्रात्यक्षिकासाठी पहिली सोयीची. इतक्या कमी दात्यांच्या सूर्यचक्रात नेहमीच्या वीस अंशांच्या दाबकोनाने (दात्याच्या बाजूंचा कल ठरवणारा कोन) दात्याचे बूड कोरले जाऊन बारीक होते, म्हणून तो कोन पंचवीस अंशांपर्यंत वाढवणे इष्ट.

लेझरचा कापही हिशेबात घ्यावा लागतो. काप ०.२ मिलिमीटर रुंद असेल आणि आराखड्यात दुरुस्ती केली नाही, तर दात्याची प्रत्येक बाजू ०.१ मिलिमीटरने घटते आणि भिडणाऱ्या दोन्ही दात्यांची मिळून ०.४ मिलिमीटरची ढिलाई, कारागिरांच्या भाषेत प्ले, तयार होते. वाहकावर ग्रहांचे आस केंद्रापासून ३० मिलिमीटरवर असतील, तर ती सुमारे पाऊण अंशाची होते, म्हणजे पाचपट गिअरपेटीच्या दोन पावलांहून अधिक. मोटर दिशा बदलून दोन पावले टाकेल तरी वाहक हलणार नाही. आराखड्यातील रेषा निम्म्या कापाइतकी बाहेर सरकवणे हा यावरचा उपाय, मात्र वापरायच्या फळीवर चाचणीचा तुकडा कापून काप मोजल्याखेरीज तो आकडा हाती येत नाही. पावसाळी हवेत प्लायवुड फुगते, त्यामुळे ढिलाई पूर्णपणे घालवण्याचा अट्टाहास मुंबई-कोकणात तरी अंगलट येतो.

झिजेचा हिशेब मात्र सर्वांत बोलका आहे. १२, १८, ४८ या पेटीत वाहकाच्या एका फेरीत सूर्याचा प्रत्येक दाता बारा वेळा भिडतो, कड्याचा तीन वेळा आणि ग्रहाच्या दात्याची प्रत्येक बाजू तीनहून कमी वेळा. एकोणिसाव्या शतकातील गिरण्यांनी मोठ्या चाकाला लाकडी दाते आणि लहान चाक लोखंडी ठेवले ते याच कारणाने. म्हणून कडे आणि ग्रह खुशाल प्लायवुडचे असावेत, सूर्यचक्र मात्र पितळेचे करावे. आणि ते शक्य नसेल, तर पेटी न खोलता बदलता येईल अशा रीतीने ते मोटरच्या आसावर बसवावे.